प्रोटीन डेटा बँकेच्या हेलन बर्मन मॅडमना आभाराचं पत्र

आदरणीय बर्मन मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवते. आपली ओळख नाही, तरी तुमचे आभार मानायचे आहेत.

2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळालं. अमिनो आम्लांचा नुसता क्रम दिला की प्रथिनाची त्रिमितीय रचना सांगणाऱ्या, हसाबिस आणि जम्पर यांच्या अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमचं भरभरून कौतुक झालं, आणि ते रास्तच आहे. पण अल्फाफोल्ड शिकलं ते तुमच्या प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहावर (पीडीबी). प्रयोगशाळांत घाम गाळून शोधलेल्या सुमारे 1 लाख 70 हजार रचना तिथे आयत्या मिळाल्या, त्याही फुकट.

1971 साली अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत ही बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात होत्या 7 रचना. तो पंचकार्डांचा जमाना. एकेका रचनेमागे लोकांची वर्षंच्या वर्षं जात, त्यामुळे हातचं राखून ठेवण्याकडे कल असायचा. लेख छापून यायचे, अणूंच्या जागांचे आकडे मात्र कपाटातच राहायचे. ते सगळ्यांसाठी खुले व्हावेत म्हणून सुरुवातीपासून धडपडणाऱ्या मोजक्या तरुण शास्त्रज्ञांत तुम्ही होतात. पुढे 1998 पासून रटगर्स विद्यापीठातून तुम्ही ही बँक सांभाळलीत. नोंद तपासणं, चुका काढणं, एकसारख्या साच्यात बसवणं हे किती किचकट काम! त्याला बक्षिसं क्वचितच मिळतात.

पीडीबीची फाईल मी मुलांना साध्या नोटपॅडमध्ये उघडून दाखवते. एका ओळीत एक अणू: त्याचं नाव, कोणत्या अमिनो आम्लातला, मग त्याची जागा सांगणारे एक्स, वाय, झेड हे आकडे. शेवटाकडे एक रकाना आहे, अणू जागेवर किती स्थिर आहे ते सांगणारा. अल्फाफोल्डच्या फाईलमध्ये त्याच रकान्यात त्या भाकितावर किती भरवसा ठेवायचा तो आकडा असतो. तुमचाच साचा अजून चालतोय.

आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांत आहे. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. तो बदल करून अल्फाफोल्डला विचारलं, तर साखळीचं चित्र जवळपास तेच येतं. आजार कुठे आहे ते कळतं पीडीबीतल्या 2एचबीएस या नोंदीतून: ऑक्सिजन सुटलेल्या एका रेणूचं ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत, फेनिलअ‍ॅलनिन 85 आणि ल्युसिन 88 यांच्यामध्ये, जाऊन बसतं. मग रेणूला रेणू चिकटत लांब दोरे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत उरकलेलं असतं. पडद्यावर ती खोबण फिरवून बघताना मुलं खुर्च्या पुढे ओढतात.

यंदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, या खोबणीत आधीच दुसरं काही बसवलं तर?" तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. हाच तिचा प्रोजेक्ट ठरलाय. फाईल तिने स्वतःच्या मोबाईलवर उतरवून घेतली. ना पासवर्ड लागला, ना पैसे.

तिच्या वतीनेही मनापासून आभार.

आपली नम्र,
गडचिरोलीची एक शिक्षिका