काठीच घे, सुहास

सोलापूर
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. डिसेंबरात आमच्या माळावर प्राण्यांचे फोटो काढायला यायचं म्हणून कार्बन फायबरचा ट्रायपॉड घेणार म्हणतोस. का बे, पैसे वर आलेत का? हे वाच आणि मग हवं तर घे.

माझ्याकडे साधा ॲल्युमिनियमचा मोनोपॉड आहे, म्हणजे कॅमेऱ्याखाली लावायची एका पायाची काठी. चार टप्प्यांचा, अर्ध्या किलोच्या आसपास, हजार-दीड हजारात आलेला. पहिल्यांदा तो सॅकला बांधून निघालो तेव्हा आई म्हणाली, "गड्डा जानेवारीत असतो रे, आत्ताच नंदीध्वज कुठं नेतोस?" (गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, त्यात मिरवतात त्या उंच काठ्या म्हणजे नंदीध्वज.) तेव्हापासून घरात त्याचं नाव नंदीध्वजच.

आपलं ठिकाण सोलापूरजवळचं नान्नज. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं अभयारण्य, पण माळढोक आता दिसला तर नशीब, त्याच्या भरवशावर येऊ नकोस. काळवीट मात्र भरपूर. खोकड, एखाद्या वेळी लांडगा आणि हिवाळ्यात गवतावरून तरंगत जाणारे भोवत्ये, म्हणजे शिकारी पक्षी. यातलं कुणीही तुझे तीन पाय उघडून होईपर्यंत थांबत नाही. ट्रायपॉड समतल करता करता मोज्यांत कुसळं भरतात आणि तोवर काळवीट बांधापलीकडं गेलेला असतो. काठी टेकवली, डोळा लावला की झालं.

तुझी लेन्स ७०-३०० मिलिमीटरची. हातात धरून ३०० ला फोटो काढायचा तर शटर निदान १/३०० सेकंदाचं हवं, तुझ्या कॅमेऱ्याच्या लहान (क्रॉप) सेन्सरला १/५०० च धर. उजाडता उजाडता एवढा उजेड आणायचा कुठून? मग आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) चढवायचा आणि रवाळ फोटो बघत बसायचं. काठीवर तोच फोटो १/१२५ ला निघतो, हात बसला की १/६० लाही. लेन्समध्ये हादरे कमी करणारं स्टॅबिलायझेशन असेल तर चालूच ठेव. अर्थात काळवीट उभा असेल तरच हं. पळणाऱ्याला थिजवायचं तर वेगवान शटरच लागतं, काठी काही त्याला धरून ठेवत नाही.

धरायची रीत मात्र शिकून घे. लोक काठी पायांच्या मधोमध सरळ उभी करतात आणि मग म्हणतात, हलतंय. हलणारच की! टोक फूटभर पुढं टाक, तुझे पाय मागं फाकव आणि अंग किंचित तिच्यावर रेलू दे. कॅमेरा भुवईला टेकलेला, कोपरं बरगड्यांशी, डावा हात लेन्सवर वरून ठेवून हलकेच खाली दाबलेला. वरखाली हलणं जवळजवळ थांबतं. डावं-उजवं डोलणं उरतं, ते श्वास सोडता सोडता बटण दाबून सांभाळायचं.

घेताना दुकानात सगळे टप्पे उघडून दोन्ही हातांनी वरून जोर दे. जरा जरी सरकला तरी परत ठेव. (मोनोपॉड मागितला की काही जण सेल्फी स्टिक काढून देतात, तेही बघ.) उंची डोळ्यापर्यंत यायलाच हवी, नाहीतर वाकून वाकून कंबर धरते. मला फिरवायच्या लॉकपेक्षा खटक्याचे आवडतात, अंधारात बोटांना कळतात. धूळ शिरून करकरायला लागलं तर कोरड्या फडक्यानं पूस, तेल घालू नकोस, तेलाला धूळ आणखी चिकटते. काठीच्या टोकाला सगळीकडं फिरणारं बॉल हेड नको, लेन्सच्या वजनानं मान टाकतं. पुढंमागं झुकणारं साधं हेड पुरे.

ताऱ्यांचे फोटो काढायचे असले तर मात्र काठीचा उपयोग नाही, तिथं तीनच पाय लागतात. आणि दहा वाजले की माळावरची तापलेली हवा थरथरायला लागते. लांबचं काळवीट मग पाण्यात बघितल्यासारखं दिसतं. तिथं तुझं कार्बन फायबरही काही करणार नाही. सरळ घरी येऊन जेवायचं.

दुसऱ्या दिवशी हत्तरसंग कुडलला जाऊ. भीमा-सीनेचा संगम आहे, आणि संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख. आत उजेड कमी, पण छोट्या लेन्सनं काठीवर १/१५ ला अक्षरं नीट येतात. फक्त काठी कोरीव दगडाला टेकवायची नाही, जमिनीवरच ठेवायची.

तेव्हा ट्रायपॉडचे पैसे वाचव आणि पेट्रोल तू भर. पांढरा शर्ट आणू नकोस, मातकट काहीतरी घाल. वहिनी येणार असतील तर आधी सांग, आई शेंगाचटणी जास्त कुटेल. तारीख पंधरवडाभर आधी कळव, म्हणजे नान्नजला वनखात्याकडे चौकशी करून ठेवतो.

तुझा,
बाळू