म्युनिक की आखेन: एका ताईचे जाहीर आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

जर्मनीचा व्हिसा हातात आलाय, तेव्हा आता आभार मानायला हरकत नाही. तुला नुसता मेसेज केला असता तर तू 'बरं बरं' म्हणून विषय संपवला असतास. म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय माझ्यासारखी दोन जर्मन विद्यापीठांची ऑफर लेटरं घेऊन घरच्यांशी हुज्जत घालणारी आणखी कुणी असेल, तर तिच्याही कामाला येईल.

कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला म्युनिकची टेक्निकल युनिव्हर्सिटी आणि आखेनची आरडब्ल्यूटीएच, दोन्हीकडून होकार आला आणि सांगलीत आमच्या घरी त्याच संध्याकाळी निकालही लागला. म्युनिक! काकांना बीएमडब्ल्यू माहीत, मामाला ऑक्टोबरफेस्ट (जरा जास्तच) माहीत. आखेनचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टंटने विद्यापीठांच्या रँकिंगचा तक्ता पुढे सरकवला आणि म्हणाला, "यात विचार काय करायचाय?" खोटं कशाला बोलू, मलाही म्युनिकच हवं होतं. म्युनिकच्या युनिव्हर्सिटीच्या गार्शिंग कॅम्पसवरच्या इमारतीतल्या त्या उंच घसरगुंड्यांचे व्हिडिओ मी बहिणीलाही दाखवून झाले होते.

तू रँकिंगला हातच लावला नाहीस. मला व्हेरिफिकेशन करायचंय, म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करायचंय, हे ऐकल्यावर तू दोन्हींची मॉड्युल हँडबुकं, म्हणजे विषयांची माहितीपुस्तकं, उघडायला लावलीस. आखेनला योस्ट-पीटर काटून यांचा मॉडेल चेकिंगचा (सिस्टीमच्या सगळ्या शक्य अवस्था आपोआप तपासण्याचा) गट, तर इझाबेल हे प्रूफ असिस्टंट, म्हणजे सिद्धता तपासणारं सॉफ्टवेअर, वाढलं ते केंब्रिज आणि म्युनिकमध्ये. स्वतः आखेनची असून तू म्युनिकची बाजू इतकी नीट मांडलीस की मला वाटलं, ही मला तिकडेच पाठवणार.

मग पैशांवर आलीस. २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून म्युनिकला युरोपाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लागू झाली, मास्टर्सला बहुतेक ठिकाणी सत्राला ४ ते ६ हजार युरो. कमीत कमी धरली तरी चार सत्रांचे १६ हजार. युरो शंभरीला टेकलेला, म्हणजे सोळा लाख, तेही राहणं-खाणं सोडून. आखेनला सत्राचे तीनशे-साडेतीनशे युरो, त्यातच देशभरच्या लोकल गाड्यांचा पास. "फी माफीचा अर्ज जरूर कर, पण ती मिळेलच असं धरून कर्ज काढू नकोस," हे तुझं वाक्य मी बाबांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. व्हिसासाठी राहण्या-खाण्याचा खर्च आधीच ज्यात भरून ठेवावा लागतो त्या ब्लॉक्ड अकाउंटचे वर्षाचे ११,९०४ युरो दोन्हीकडे सारखेच, म्हणजे महिन्याला ९९२. तेवढ्यात म्युनिकमध्ये खोली, जेवण आणि विमा बसवून दाखव, असं तू म्हणालीस. मी वहीत बसवून पाहिलं. नाही बसलं.

बाबांशी झालेला तो रविवारचा कॉल मात्र खास होता. त्यांनी दुकानदाराच्या सवयीने आधी विचारलं, "भाडं वीज धरून की सोडून?" तू न हसता सांगितलंस की जाहिरातीत बऱ्याचदा हीटिंग आणि पाणी सोडून आकडा असतो, त्यामुळे काका, दोन्ही आकडे विचारायचे. मग फोन फिरवून फ्रिजवर चिकटवलेला साफसफाईच्या पाळ्यांचा कागद दाखवलास. त्या आठवड्यात बाथरूम तुझ्याकडे होतं. आईचा अर्धा घोर तिथेच मिटला. मुलगी परक्या देशात काय करेल याचं उत्तर तिला मिळालं: पाळीप्रमाणे बाथरूम घासेल.

आणि आखेनचं वाईट तेही तू लपवलं नाहीस. पाऊस फार. परीक्षेला तीनच संधी, तिसऱ्यांदा अडकलं की त्या कोर्समधून बाहेर. हिवीचं काम, म्हणजे युनिव्हर्सिटीतली विद्यार्थी-सहायकाची नोकरी, पहिल्या सत्रात मिळेल अशा भ्रमात राहू नकोस, हेही तूच बजावलंस. कन्सल्टंटच्या तक्त्यात यातलं काहीच नव्हतं, आणि त्याची फी मात्र तुझ्यापेक्षा बरीच जास्त होती.

शेवटी आखेनच ठरलं. घरच्यांना माझ्यासाठी काढावं लागणारं कर्ज आता निम्म्याहून कमी झालंय. मामा अजून थोडा नाराज आहे.

सप्टेंबरअखेर पोचतेय. तुझ्यासाठी भडंग आणि आईची गोडा मसाल्याची बरणी घेतली आहे. बॅगेत आणखी दोन किलोंची जागा शिल्लक आहे, काय हवं ते या आठवड्यात कळव. नंतर ती जागा आई कुरडयांनी भरणार आहे.

तुझी,
सांगलीची धाकटी बहीण