त्या पोराचं नाव तेवढं देऊ नकोस

विश्रामबाग, सांगली
गुरुवार

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू रडत होतीस आणि मला धड काही बोलता आलं नाही. तेवढ्यात तुझ्याकडे कुणी आलं आणि फोन ठेवावा लागला. चोरी झालेल्या घरात येणारा प्रत्येक जण काही ना काही सांगून जातो आणि शेवटी डोक्यात काहीच राहत नाही. म्हणून लिहूनच पाठवते आहे. रात्री सगळे गेले की निवांत वाच.

ज्या गोष्टीनं मला झोप लागली नाही ती आधी सांगते. तू म्हणालीस, वरच्या खोलीतल्या भाडेकरू पोराबद्दल शाहूपुरीत तुमच्या गल्लीत कुजबुज चालली आहे, भाऊजींनाही तसंच वाटतंय, आणि पोलिसांना द्यायच्या जबाबात त्याचं नाव द्यावं का असा विचार आहे. मंदा, तू काही डोळ्यांनी पाहिलं असशील तर जरूर सांग. तो कधी येतो, कधी जातो, त्या रात्री घरी होता का, हे पोलिसांनी विचारलं तर जे ठाऊक आहे ते सरळ सांगायचं. पण गल्लीतली माणसं म्हणतात एवढ्यावर ‘आमचा याच्यावर संशय आहे’ असं सही करून देऊ नकोस. असं केल्यावर काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्याकडची चोरी तुला माहीत आहे, पण सगळी नाही. करोनानंतरची पहिली मोठी लग्नसराई. दिरांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे जयसिंगपूरला गेलो होतो, घर एकच रात्र बंद. चोरांनी आधी शेजारच्या दोन्ही घरांना बाहेरून कड्या घातल्या आणि मग आमच्या मागच्या दाराचा कोयंडा तोडला. कपाटाचा आतला खण पहारीनं उचकटला होता. गाद्या उलटलेल्या, साड्यांचे ढीग जमिनीवर, तांदळाचा डबा पालथा, डाळींचे डबे रिकामे केलेले. बायका सोनं कुठे कुठे लपवतात हे त्या माणसांना पाठ होतं. सासूबाईंची बोरमाळ गेली, त्यांच्याच पाटल्या गेल्या, माझी ठुशी गेली, थोडी रोकड गेली. देव्हाऱ्यातल्या पितळी देवांना हात लावला नव्हता, पण चांदीचा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा उचलून नेली होती. ती अन्नपूर्णा आईनं दिलेली. मी गौरीहर पूजत होते तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस, तुला ती आठवत असेल.

पोलीस आले, ठसेतज्ज्ञांनी कपाटावर पावडर मारून ठसे घेतले, श्वान मागच्या बोळातून मोठ्या रस्त्यापर्यंत गेलं आणि तिथेच घुटमळलं. मग नेहमीचा प्रश्न आला, कुणावर संशय? आम्ही उत्तर द्यायच्या आत आमच्याच घरातल्या एका नातेवाइकांनी कामाच्या मावशींचं नाव घेतलं. “तिला घराची खडान्‌खडा माहिती आहे,” एवढाच त्यांचा पुरावा! हे आणि मी दोघांनीही तिथल्या तिथे सांगितलं की आमचा मावशींवर संशय नाही, फिर्याद अज्ञात चोरट्याविरुद्धच लिहा. तशीच ती लिहिली गेली. तरी चौकशीसाठी मावशींना बोलावलं गेलं. मी त्यांच्याबरोबर गेले आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. त्यांना कुणी मारलं नाही, शिवीगाळ केली नाही, हेही सांगायला हवं. पण दुपारपर्यंत आमच्या सगळ्या कॉलनीत झालं होतं की मावशींना पोलिसांनी नेलं. त्याच आठवड्यात दोन घरांनी त्यांना कामावरून काढलं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं, पाहुण्यांनी पुढची बोलणी लांबणीवर टाकली.

चोर सापडले ते भलत्याच जिल्ह्यात, दुसऱ्याच घरफोडीत. त्यांनी कबूल केलेल्या घरांमध्ये आमचं घर निघालं. मावशींचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. ज्या दोन घरांनी त्यांना काढलं, त्यांपैकी कुणीही त्यांच्या दारी जाऊन चुकलं म्हणालं नाही. आमच्या त्या नातेवाइकांनीही नाही. मला या गोष्टीचा सोनं गेल्यापेक्षा जास्त राग आला आणि तो अजून गेलेला नाही. सोन्याची किंमत लावता आली, फिर्यादीत आकडा घालता आला. मावशींचं जे गेलं त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

तुझ्या शेजारच्या काकांनी म्हणे पंचनामा चालू असतानाच “हे त्या पालावरच्या लोकांचं काम” असं ठासून सांगितलं. त्यांना माझ्या वतीनं विचार, कशावरून? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अशा भटक्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, पुढे तो कायदा आपल्या मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात सेटलमेंट, म्हणजे त्यांना डांबून ठेवायची वसाहत होती, रोज हजेरी द्यावी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला आणि ती माणसं तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा जाऊन सत्तर वर्षं उलटली, तरी कुठे घर फुटलं की पहिलं बोट तिकडेच जातं. आपण दोघींनी शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं आहे. आपल्या अंगणात तरी हे होऊ द्यायचं नाही.

आता कामाचं.

तुला ठाण्यात “सध्या अर्ज द्या, बघतो” असं सांगितलं, हे मला पटलेलं नाही. घरफोडी हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी स्वतःहून तपास करायचा गुन्हा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नोंदवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. आमच्या वेळी भारतीय दंड संहितेची ४५७ आणि ३८० ही कलमं लागली होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात घरफोडीचं कलम ३३१ आणि राहत्या घरातल्या चोरीचं ३०५. फिर्याद नोंदली की तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती मागून घे. टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना लेखी टपालानं कळवता येतं, कायद्यातच तशी सोय आहे. भांडू नकोस, आवाज चढवू नकोस, पण प्रत घेतल्याशिवाय उठू नकोस.

दागिन्यांच्या यादीवर मात्र खूप वेळ घाल, आणि ती काकूंना शेजारी बसवून कर. आमच्याकडे जुन्या दागिन्यांची एकही पावती नव्हती. होती ती सासूबाईंची वही, आणि त्यात सगळी वजनं तोळे, मासे, गुंजांत. आठ गुंजांचा मासा, बारा माश्यांचा तोळा. हा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि आताचे सराफ तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम धरतात. पाटल्या साडेतीन तोळ्यांच्या होत्या. जुन्या हिशेबानं ते जवळजवळ ४१ ग्रॅम होतात आणि नव्या हिशेबानं ३५. लिहून घेणारे ३५ लिहीत होते, मी वही पुढे करून ते बदलून घेतलं. काकूंचे दागिनेही त्याच काळातले असणार, तेव्हा आधी ग्रॅम काढ आणि मगच सांग. बोरमाळेचं उलटं असतं. तिच्या मण्यांत लाख भरलेली असते, त्यामुळे अख्ख्या माळेचं वजन म्हणजे सोन्याचं वजन नव्हे, तेही स्पष्ट लिही. लग्नामुंजीचे फोटो शोध. दागिना ज्या फोटोत नीट दिसतो तो मोठा करून यादीला जोड.

आणि प्रत्येक वस्तूची खूण लिही. मी अन्नपूर्णेचं वर्णन सांगायला लागले तेव्हा लिहून घेणारे म्हणाले, बाई, एवढीशी चांदी, किंमत ती काय. मी हट्टानं लिहायला लावलं: उंची सुमारे दोन इंच, हातातल्या पळीचा दांडा डावीकडे वाकलेला. पुढे चोरांकडून जप्त केलेल्या मुद्देमालात चांदीचे देव सापडले तेव्हा तशाच आणखी मूर्तींत मिसळून ओळखायला ठेवले होते. त्या वाकलेल्या दांड्यावरून माझी अन्नपूर्णा मी पटकन उचलली. बाळकृष्ण मिळाला नाही. म्हणून म्हणते, तुझ्या बाबांचं किल्लीचं एचएमटी घड्याळ यादीत घाल. त्याला बाजारात कोण काय देणार, हा प्रश्नच नाही. तबकडीवर चरा कुठे आहे, पट्टा कुठला बदलला आहे, सगळं लिही.

सोन्याचं काय होतं ते मला विट्याच्या मावसभावानं सांगितलं. तुला ठाऊक आहे, तिकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, त्याचंही दुकान तमिळनाडूत आहे. तो म्हणाला, चांदी ९६२ अंशांना वितळते, सोनं १०६४ ला. मुशीत टाकणखार घालून भट्टीवर ठेवलं की थोड्या वेळात ठुशी काय, पाटली काय, सगळ्याची एकच लगड. त्यानंतर ती कुणाची हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. तो स्वतः अनोळखी माणसाकडून ओळखपत्राशिवाय गुंजभरही घेत नाही. चोरीचा माल माहीत असून घेणं हाही गुन्हाच आहे. आमच्या पाटल्या लगड होऊनच परत आल्या, त्याही पुऱ्या नाहीत. सासूबाईंनी ती लगड हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि “हे माझं नव्हे” म्हणून माझ्याकडे दिली. त्यांनी सांगितलं म्हणून मी अजून तिचं काही केलेलं नाही.

मुद्देमाल सापडला तर तो खटला संपेपर्यंत ठाण्यात पडून राहिलाच पाहिजे असं नाही, हेही लक्षात ठेव. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की अशा मौल्यवान वस्तूंचा पंचनामा करावा, फोटो घ्यावेत, बंधपत्र घ्यावं आणि वस्तू मालकाला द्याव्यात. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. आमच्या वकिलांनी तो केला, थोडे हेलपाटे पडले, पण काम झालं.

मुलाचा मोबाइल गेलाय ना? त्याच्या खोक्यावर आयएमईआयचा पंधरा आकडी नंबर असतो. फिर्यादीची प्रत हातात आली की सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो नंबर घालून मोबाइल बंद करून टाकता येतो. लॅपटॉपचा नंबर बिलावर मिळेल. चेकबुक गेलं असेल तर बँकेला आजच कळव.

उरलंसुरलं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायला सगळेच सांगतील, आणि ठेवही. पण पूर्ण निर्धास्त होऊ नकोस. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे बँकेत चोरी, दरोडा, आग असं काही झालं तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट एवढीच. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. सोन्याच्या आजच्या भावात तेवढ्यानं काय होतं, तूच बघ. घरफोडीचा वेगळा विमा निघतो, त्याची चौकशी भाऊजींना करू दे. नवीन दागिना घेतलात तर त्यावरचा सहा अक्षरी-आकडी हॉलमार्क क्रमांक फोटोसह वहीत लिहून ठेव. १ एप्रिल २०२३ पासून तो क्रमांक असल्याशिवाय सराफांना हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

भीतीबद्दल तू काही बोलली नाहीस, पण मला माहीत आहे ती आहे. रात्री मागच्या दाराचा जरा आवाज आला की छातीत धस्स होतं, आपल्याच कपाटातले कपडे घालवत नाहीत, कुणाचे तरी हात लागलेत असं वाटत राहतं. मी सगळे कपडे धुऊन काढले होते, न वापरलेल्या साड्यासुद्धा. तूही धू, कुणी काही म्हणालं तरी. मागच्या दाराला लोखंडी जाळीचं दार आणि आतून आडणा बसवून घेतल्यावर मला पहिल्यांदा झोप लागली. काकूंना काही दिवस एकटं झोपू देऊ नकोस. त्या काही बोलणार नाहीत, पण पाटल्यांची जागा हातावर चाचपत राहतील. माझ्या सासूबाई तसंच करायच्या.

मावशी अजून आमच्याकडेच आहेत. मुलीचं लग्न दुसरीकडे जमलं, छान झालं, आम्ही सगळे गेलो होतो. तुझ्या घरची बातमी ऐकल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं माहीत आहे? “त्यांच्याकडे कामाला कोण आहे?”

तो पोरगा कुठल्या गावचा, आईबाप काय करतात, परीक्षा कधी आहे, हे तू मला फोनवर सांगितलंस. म्हणजे तो तुझ्याशी बोलत होता, घरातल्यासारखा होता. तो आता जिन्यावरून मान खाली घालून जातो म्हणालीस. मंदा, ज्या घरात सगळे आपल्याकडे चोर म्हणून बघतात, तिथे कुठलंही पोर मान खालीच घालेल. त्यावरून काही ठरवू नकोस. त्याला खाली बोलाव, चहा दे, आणि ‘आमचा तुझ्यावर संशय नाही’ हे भाऊजींसमोर त्याला सांग. भाऊजी कुरकुरतील, त्यांना मी समजावते.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघते, दुपारपर्यंत पोचेन. यादी आपण दोघी बसून पुरी करू आणि सोमवारी मी तुझ्याबरोबर ठाण्यात येईन. तोवर लग्नाचे अल्बम माळ्यावरून काढून ठेव. काकूंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांची जुनी वही असेल तर ती कुणाच्या हाती देऊ नकोस.

तुझीच,
सुमन