श्वास कापू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होत आले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. या तीन आठवड्यांत दोन प्रवास झाले, पाच सेशन्स झाली, आणि आज दुपारी पहिल्यांदा निवांत बसलोय. तू लिहिलंस, "अख्ख्या गाण्यात तुझी बासरी वीस-पंचवीस सेकंद ऐकू येते, मग दिवसभर स्टुडिओत करतोस काय?" हा प्रश्न घरचेही विचारतात. त्यांना दोन वाक्यांत सांगून होतं. तुला सविस्तर सांगायचं आहे, कारण तुझा सुराचा कान पक्का आहे आणि मला हे कुणाला तरी सांगावंसं फार दिवस वाटत होतं.

परवाचंच सांगतो. सकाळी दहाचं सेशन. पट्टी काळी दोन, म्हणजे षड्ज हार्मोनियमच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर, हे वाद्यरचना करणाऱ्या अरेंजरने आदल्या रात्रीच कळवलं होतं, त्यामुळे त्या पट्टीच्या दोन बासऱ्या काढून, तेलाचं बोट फिरवून ठेवल्या होत्या. बाहेर ३२ अंश तापमान, आत एसीमुळे २०. बूथमध्ये शिरलो, पहिला षड्ज लावला आणि तो चक्क उतरलेला. बासरीत वाजतो तो आतल्या हवेचा खांब, आणि हवा गार झाली की ध्वनीचा वेग कमी होतो, दर अंशाला सेकंदामागे साधारण ०.६ मीटर. एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले, तर बारा अंशांत हिशेबाने ३५ सेंटचा फरक पडतो, म्हणजे अर्धस्वराचा तिसरा हिस्सा! फुंकेच्या उबेने त्यातलं बरंच भरून निघतं. पण दोन टेकच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या दोन प्रयत्नांच्या, मधे बासरी पाच मिनिटं स्टँडवर राहिली की पुन्हा गार. म्हणून मी ती शालीखाली छातीशी धरून बसतो. तान्ह्या मुलाला धरावं तशी.

मैफलीत हा प्रश्न येत नाही. तिथे तंबोरा बासरीला मिळवून घेतात. स्टुडिओत मी पोचतो तेव्हा पियानो, तारवाद्यं सगळं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं, ४४० हर्ट्झला जुळवून. ('ए' या स्वराला ४४० हर्ट्झ हे आंतरराष्ट्रीय मानक १९७५ सालचं.) ते तसूभर हलत नाही, मलाच जाऊन मिळावं लागतं. ओठ जरा बाहेर वळवायचा, फुंक थोडी वाढवायची, आणि तरीही आवाज फाटू द्यायचा नाही.

मग माइक. नवख्या माणसाला वाटतं की फुंकायच्या भोकासमोरच माइक हवा. तिथे नुसता वारा येतो. माझ्या नेहमीच्या रेकॉर्डिस्टना हे पक्कं ठाऊक आहे. ते माइक कपाळाच्या उंचीवर, दीडेक फूट लांब, फुंकायचं भोक आणि बोटं यांच्या मधोमध रोखतात. मी एक लांब पंचम धरतो, ते माइक चार बोटं डावीकडे सरकवतात, पुन्हा पंचम, पुन्हा दोन बोटं. यात वीस मिनिटं जातात आणि ती अजिबात वाया जात नाहीत. तेवढ्या सरकवण्यात बासरीचा बांबू ऐकू यायला लागतो. त्याआधी नुसता सूर येत असतो.

वाजवायचं काय होतं, तर मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत आठ मात्रांचा तुकडा. जेमतेम सात सेकंद. कोमल गांधारावरून मध्यमापर्यंत एक मींड, म्हणजे न तुटता घसरत जाणारा सूर, आणि मग हळूच षड्जावर येऊन थांबायचं. अठरा टेक झाले. लय दाखवणारी क्लिक हेडफोनमधून कानात टकटक करत असते आणि मींड मात्र त्या टकटकीच्या मधल्या जागेत जगते. क्लिकवर बोट उचललं तर ती शिडीच्या पायऱ्यांसारखी वाजते. एक कान हेडफोनमधून बाहेर काढला, डोळे मिटले, तेव्हा कुठे जमलं. काचेपलीकडून टॉकबॅकवर "हा ठेवतोय" असं ऐकू आलं आणि मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

प्रवासाबद्दल विचारलं होतंस. प्रवासात माझा जीव बासऱ्यांत असतो. पन्नालाल घोषांनी मैफलीत रुजवली ती लांब, जाड बासरी तुला आठवते ना, तसल्या दोन आहेत माझ्याकडे. त्या मी कधीच सामानात टाकत नाही, विमानात सोबतच घेऊन बसतो. केबिनमधली हवा वाळवंटासारखी कोरडी असते, आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली. बांबू आकसतो. गेल्या महिन्यात उतरल्यावर मोठी बासरी काढली आणि मंद्रातला पंचम लागेचना. बारीक केसासारखी रेघ, तिसऱ्या भोकापासून खाली बोटभर. मित्रा, पोटात खड्डा पडला. अकरा वर्षं ती माझ्या ओठाशी आहे. मेण दाबून भरलं, वरून दोरा घट्ट गुंडाळला आणि रात्रभर ओल्या फडक्याशेजारी डब्यात ठेवली. सकाळी पंचम लागला. थोडा बसका, पण लागला.

मुक्कामाच्या खोलीत पहाटे वाजवता येत नाही, शेजारी लोक झोपलेले असतात. मग नुसता बोटांचा रियाज करतो, फुंक न घालता. भोकांवर बोटं पडतानाचा तो हलका टप टप आवाज, तेवढाच.

आता मूळ गोष्टीकडे येतो, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

आपण एकत्र बसायचो तेव्हा तू अंतरा उचलण्याआधी नाकाने लांब श्वास घ्यायचास. खांदा किंचित वर जायचा. मी तुझ्या तोंडाकडे कधी पाहिलं नाही, त्या श्वासावरच मी फुंक भरायचो, आणि आपण दोघं एकाच क्षणी सुरावर यायचो. हल्ली स्टुडिओत एकत्र कुणी बसत नाही. तबला मंगळवारी, व्हायोलिन गुरुवारी, मी शनिवारी, गायिका आणखी कुठल्यातरी गावात. ज्यांच्याबरोबर वाजवतो त्यांतल्या निम्म्या लोकांना मी पाहिलेलंही नाही. एकदा संगणकाचा बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी तो साठवून ठेवतो तेवढा तुकडा, चुकून १०२४ सॅम्पलवर राहिला होता. सेकंदाला ४८ हजार सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं, धरली तर ते २१ मिलिसेकंद होतात. माझीच बासरी मला तेवढ्या उशिराने ऐकू येत होती, जणू मी स्वतःपासून सात मीटर लांब बसलोय. बफर १२८ वर आणला तेव्हा मी परत माझ्याजवळ आलो.

तर गेल्या आठवड्यात एक गाणं होतं. गायिकेचा आवाज आधीच भरलेला आणि तिच्या ओळींच्या मागून मला भरणा करायचा होता. हेडफोन लावले, ट्रॅक सुरू झाला आणि मला शिरताच येईना. स्वर लिहिलेले समोर, क्लिक कानात, तरी दरवेळी मी कुठेतरी उपरा वाटत होतो. आधी वाटलं थकलोय. पाणी प्यायलो, पुन्हा बसलो. तेच. पाचव्या वेळी लक्षात आलं. तिच्या दोन ओळींच्या मधे काहीच नव्हतं. कुणीतरी तिचे सगळे श्वास कापून टाकले होते. ओळ संपली की निखळ शांतता आणि त्या शांततेतून एकदम पुढची ओळ. माणूस गातंय याची खूणच उरली नव्हती.

मी रेकॉर्डिस्टना म्हणालो, मूळ ट्रॅक असेल तर तो लावा. त्यांनी शोधून लावला. पहिल्या ओळीआधी एक छोटा, घाईचा श्वास. दुसरीआधी लांब, थोडा थरथरता. तिसऱ्या ओळीपाशी ती श्वास घ्यायला विसरली असावी, ओळीच्या मधेच चोरून घेतला होता, आणि तो शब्द त्यामुळे इतका हळवा झाला होता की माझ्या अंगावर काटा आला. या बाईला मी ओळखत नाही. पण त्या चोरट्या श्वासावर माझी फुंक आपोआप भरली, जशी तुझ्या वेळी भरायची. पहिल्याच टेकमध्ये झालं.

नंतर मी हट्ट धरला की अंतिम मिक्समध्ये निदान तो तिसरा श्वास ठेवा. अरेंजर "ऐकू तर दे" म्हणाले, दोनदा ऐकलं आणि ठेवला. गाणं बाहेर आलं की तुला कळवीन. दुसऱ्या कडव्यापाशी कान देऊन ऐक, माझ्या बासरीआधी येतो तो.

तू लिहिलंस की पुन्हा गायला लागलास, ऑफिसातून आल्यावर रोज अर्धा तास. किती बरं वाटलं वाचून! ती आपली यमनची बंदिश फोनवर रेकॉर्ड करून पाठव. फोन टेबलावर ठेवू नकोस, ठोके येतात. दुमडलेल्या चादरीवर ठेव, तोंडापासून हातभर लांब, आणि पंखा बंद कर. आणि पाठवण्याआधी सुरुवातीची शांतता, खाकरणं, काहीही छाटू नकोस. जसं आहे तसं येऊ दे. मी त्यावर बासरी भरून परत पाठवतो, पट्टी तेवढी लिही. पूर्वी तू काळी एकमध्ये गायचास, आता उतरली असेल तर तशी बासरी काढतो.

उद्या पहाटे पाचची गाडी आहे. मोठ्या बासरीचा दोरा आज पुन्हा बांधायला हवा, म्हणून थांबतो. वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझाच,
बासरीवाला