थेसालोनिकीहून आल्यावर

प्रिय बेन्या,

दिवाळीपासून तुला पत्र नाही. माझी साखर ताब्यात आहे, हिचा गुडघा तसाच. झालं, तब्येतीचं संपलं.

मुलीने आम्हाला ग्रीस दाखवलं. बेटंबिटं छानच, पण लिहायला बसलोय ते थेसालोनिकीसाठी. अरे, या शहराचं बंदर एके काळी शनिवारी बंद असायचं! कारण हमालांपासून सावकारांपर्यंत बहुतेक सगळे ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने हाकललेली ही माणसं ऑटोमन सुलतानाच्या आश्रयाला आली आणि विसाव्या शतकातही घरात जुनी स्पॅनिशच बोलत होती. तू तिकडे इस्राएलमध्ये अश्दोदच्या बाजारात बायकोशी अलिबागच्या मराठीत भांडतोस ना, तसंच. बंदराचं ऐकलं आणि हिला म्हटलं, हे तर आपले शनवार तेली, बेन्याचे कोकणातले बेने इस्राएली ज्यू! शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद.

शनिवारच होता तो, ११ जुलै १९४२. युद्धात ग्रीस व्यापलेल्या जर्मनांनी सुमारे ९ हजार ज्यू पुरुषांना एलेफ्थेरियास चौकात गोळा केलं आणि भर उन्हात कवायतीच्या नावाखाली छळलं. १५ मार्च १९४३ ला पहिली गाडी ऑशविट्झच्या मृत्युछावणीकडे निघाली. ऑगस्टपर्यंत सुमारे ४६ हजार माणसं नेली. परतली फार थोडी.

पण माझी झोप उडाली ती तिथल्या ज्यू कबरस्थानामुळे. तीन लाखांहून जास्त कबरी असाव्यात म्हणतात. आज तिथे विद्यापीठ आहे. पोरं पुस्तकं घेऊन हसत जातात, मध्ये एक स्मारक, तेही २०१४ चं. त्या जमिनीवर शहराचा डोळा युद्धाच्या आधीपासून होता. डिसेंबर १९४२ मध्ये जर्मनांची परवानगी मिळाली आणि पालिकेने मजूर लावले. माणसं अजून शहरातच होती, बेन्या! त्यांच्या देखत आजे-पणजे उखडले. संगमरवर भिंतींत गेला, फरशांत गेला. काही शिळा ज्यू संग्रहालयात ठेवल्यात. त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि मला तुझी आजी दिसली.

इथे आपल्या अलिबागकडे मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत प्लॉटिंग चाललंय. तुमच्या कबरस्थानाच्या गडग्याला लागून बंगल्याचं जोतं आलंय. कोणाच्या मनात तुमच्याबद्दल वाईट नाही. इस्राएल आळीचं नाव आजही प्रेमाने घेतात, तुझ्या आईच्या मलिद्याची चव माझ्या बहिणी अजून काढतात. तिथे जे घडलं त्याची तुलना आपल्याकडे होऊच शकत नाही. पण जमिनीच्या भुकेला द्वेष लागतोच असं नाही. विचारणारं कोणी नसलं की तिचं भागतं.

तू निघालास तेव्हा एसटी स्टँडवर आपण भांडलो होतो. मी म्हणालो, इथे तुम्हाला कोणी बोट लावलं नाही, मग का जाता? तू म्हणालास, बोट लावल्यावरच जायचं का? मला ते अजून पटलेलं नाही आणि या वयात पटणारही नाही. पण मागे राहिलेल्यांना कोणाच्या भरवशावर सोडतोस, याचं उत्तर तेव्हा तुझ्याकडेही नव्हतं. म्हणून म्हणतो, माझ्या भरवशावर सोड, पण कागद हातात दे. त्या जागेच्या सातबाऱ्यावर आज कोणाचं नाव आहे? जुनी मोजणी झाली होती का? तुझ्या काकांच्या ट्रंकेत काही असेल तर फोटो काढून पाठव. आजी-आजोबांच्या कबरीवर काय कोरलंय तेही मराठीत लिहून दे. मला हिब्रू येत नाही आणि दगड झिजत चाललेत. तुमच्यातली जी दोन-चार घरं उरलीत, त्यांच्याशी मी बोलायला सुरुवात केली आहे. मुंबईतल्या तुमच्या मंडळींनाही तू फोन कर. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील.

नातीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. मेहंदी आपल्याच पद्धतीने होणार ना? हिने पैठणी काढून ठेवली आहे, तारीख कळव. धाकट्याची नोकरी लागली का?

ट्रंक मात्र याच आठवड्यात उघड. पावसाळ्याआधी मोजणीचा अर्ज टाकायचा आहे.

तुझा,
दिल्या