रंग हिरवट आला म्हणजे भेसळच, असे नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मातीकामासाठी घेतलेला फिरोजी रंग दुसऱ्या खेपेला हिरवट निघाला, तेव्हा मुंबईतले विक्रेते भेसळ करतात, अशी तक्रार आपल्या पत्रस्तंभात वाचली. भेसळ होतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण घटक आणि प्रमाण तेच ठेवूनही छटा बदलते. हे रंग नुसते कालवून होत नाहीत, भाजावे लागतात.

फिरोजीचेच पाहा. वजनाने झिर्कोनिया (झिर्कोनियम धातूचा ऑक्साइड) दोन भाग, बारीक सिलिका (वाळूतला मुख्य घटक) एक भाग. शंभर ग्रॅममागे चार-पाच ग्रॅम अमोनियम मेटाव्हॅनाडेट (व्हॅनेडियम धातूचे संयुग) आणि जवळपास तितकेच सोडियम फ्लोराइड. हे कोरडे घोटून झाकणाच्या मुशीत (भट्टीत ठेवायच्या भांड्यात) साधारण ८५० ते ९५० अंश सेल्सिअसला भाजतात. फ्लोराइड स्वतः रंग देत नाही. ते सिलिकाला वायुरूपात झिर्कोनियापर्यंत नेते, तिथे दोन्ही मिळून झिर्कॉनचा स्फटिक बनतो आणि व्हॅनेडियम त्यात अडकते. तोच निळा. झाकण सैल बसले तर फ्लोराइड आधीच उडून जाते आणि झिर्कॉन अर्धवट बनतो. उरलेल्या झिर्कोनियात शिरलेले व्हॅनेडियम पिवळे दिसते. निळ्यात पिवळे, म्हणजे हिरवट! वीस ग्रॅमची चाचणी सुरेख येते आणि पाच किलोचा घाणा फसतो, तोही बहुधा असाच: मोठ्या मुशीचा गाभा तापायला मागे राहतो.

भाजल्यावर रंग गरम पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत धुवावा लागतो. हा कंटाळवाणा टप्पा हमखास उरकला जातो आणि मग विरघळणारे क्षार ग्लेझमध्ये (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात) उतरून नक्षीच्या कडेला डाग पडतात.

कोबाल्ट निळ्याचे दुखणे वेगळे. त्याला सुमारे १२०० अंश तरी हवेत. कमी पडले किंवा त्यातला अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड) जाडसर असला, तर काळा कोबाल्ट ऑक्साइड तसाच उरून रंग मळकट होतो. कोबाल्ट नायट्रेटपासून सुरुवात करणाऱ्यांनी जुलैत विशेष जपावे. ते आपल्या दमट हवेतले पाणी ओढते, काटा बरोबर दाखवतो आणि कोबाल्ट मात्र कमी पडते. वरच्या फिरोजीसारखे झिर्कॉनचे रंग तर जास्त घोटले की फिके होतात.

क्रोमियम आणि कथिलापासून बनणारा क्रोम-टिन गुलाबी रंग तपकिरी झाला, तर रंगाआधी ग्लेझ तपासावे. त्यात झिंक (जस्त) असेल तर तो गुलाबी टिकत नाही.

विक्रेत्यांकडे आमची मागणी आहे. पुडीवर नुसते 'फिरोजी' किंवा क्रमांक नको. रंगाचा रासायनिक गट, घाणा क्रमांक, कमाल भाजणी-तापमान आणि झिंकचे ग्लेझ चालते की नाही, एवढे छापावे. दोनशे ग्रॅमच्या पुडीवरही ते मावते.

तक्रारदारांनी जुन्या पुडीतला दहा ग्रॅम रंग राखून ठेवावा. नवा आला की दोन्ही एकाच ग्लेझमध्ये शेकडा पाच घालून, एकाच फरशीवर शेजारी शेजारी लावून भाजावेत. फरक तरीही दिसला, तर नव्यातला थोडा गरम पाण्यात धुऊन पुन्हा लावावा. धुतल्यावर कडेचे डाग गेले, तर दोष धुण्यातला. हिरवटपणा कायम राहिला, तर पुडी घाणा क्रमांकासह परत करावी. व्हॅनेडियमचा रंग घरच्या बाल्कनीत भाजून पाहण्याच्या फंदात मात्र पडू नये. ती पूड विषारी आहे आणि फ्लोराइडचा धूर फुप्फुसांना घातक.

आपले,
सिरॅमिक रंगांचे काम करणारे दोन वाचक, शीव, मुंबई