किंमत गाडी मिळेल त्या दिवशीची!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तळेगावला येणार म्हणून गाजलेला वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर (चिप) प्रकल्प गुजरातला गेला (सामंजस्य करार १३ सप्टेंबर २०२२) आणि त्यानंतर चिप हा विषय आपल्या पहिल्या पानावरून हलत नव्हता. कोणाच्या काळात काय घडले यावर पुढाऱ्यांचे चालू द्या. १ लाख ५४ हजार कोटींचा तो कारखाना कुठेही उभा राहिला असता, तरी त्यातून पहिली चिप बाहेर पडायला काही वर्षे गेलीच असती. मला लिहायचे आहे ते त्या काळात ज्यांची गाडी चिपअभावी अडली, त्यांच्याशी झालेल्या कराराबद्दल.

भोसरीत माझे पत्र्याचे सुटे भाग बनवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. चाकणच्या वाहन कंपन्यांना जे माल देतात, त्यांना आम्ही माल देतो. त्यामुळे ही टंचाई मला दोन्ही बाजूंनी भेटली. एकदा ‘या महिन्याचं शेड्यूल कमी केलंय’ असा फोन आला तेव्हा, आणि नंतर स्वतःसाठी गाडी घ्यायला गेलो तेव्हा. २०२२च्या सुरुवातीला आम्ही एका सात आसनी आलिशान एसयूव्हीची नोंदणी केली. चार-पाच महिन्यांत मिळेल असे तोंडी सांगितले गेले. दसरा तोंडावर आला, गाडीचा पत्ता नाही. एवढ्या महागाची गाडी घेणाऱ्याचे कसले आलेय दुःख, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. चिप अपुऱ्या पडल्या तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी हाताशी होत्या त्या जास्त नफ्याच्या, म्हणजे महागड्या गाड्यांना आधी लावल्या. साध्या गाडीसाठी आयुष्याची पुंजी बाजूला काढून बसलेला ग्राहक आमच्यापेक्षा वाईट अडकला. पण नोंदणीच्या अर्जातली बारीक अक्षरे त्याच्या आणि माझ्या कागदावर जवळपास सारखीच असतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या अर्जात लिहिले आहे की किंमत डिलिव्हरीच्या दिवशी लागू असेल ती राहील, डिलिव्हरीची तारीख अंदाजे असून कंपनीवर बंधनकारक नाही आणि गाडीतील सोयींमध्ये पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो. ग्राहकाने नोंदणी रद्द केली तर मात्र रक्कम कापली जाईल. उशीर त्यांचा, भाववाढ आमची, आणि कंटाळून बाहेर पडलो तर दंडही आमचा.

भाववाढीचा हिशेब सोपा आहे, पण शोरूममध्ये तो कोणी मांडून दाखवत नाही. २०२२मध्ये मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि त्याशिवाय २२ टक्के उपकर होता, म्हणजे एकूण ५० टक्के कर. एक्स-शोरूम किंमत ३ लाखांनी वाढली, तर त्यातला १ लाख (मूळ २ लाखांवर ५० टक्के) सरकारचा. शिवाय २० लाखांवरच्या डिझेल गाडीला आपल्या राज्यात १५ टक्के रस्ता कर आहे, तो याच वाढीव रकमेवर आणखी ४५ हजार. विम्याचा हप्ता वाढतो तो वेगळाच. म्हणजे वाट पाहण्याच्या बदल्यात ग्राहक सुमारे साडेतीन लाख जास्त देतो आणि त्यातले १ लाख ४५ हजार तिजोरीत जातात. या प्रश्नावर सरकारी पातळीवर एवढी शांतता का, याचे निदान एक कारण इथे सापडावे.

टंचाई खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. २०२०च्या टाळेबंदीत गाड्या कोण घेणार, असे समजून वाहन कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या. घरून काम आणि घरून शाळा सुरू झाल्याने लॅपटॉपवाल्यांनी ती जागा पटकावली. वर्षअखेरीस गाड्यांची मागणी परत आली तेव्हा चिपच्या कारखान्यांत वाहन उद्योग रांगेत मागे पडला होता. चिप काही पत्र्यासारखी रात्रपाळी लावून निघत नाही, एका वेफरला (ज्यावर चिप घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीला) कारखान्यातून बाहेर यायला तीन-तीन महिने लागतात. त्यात फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळ आले, १९ मार्चला जपानमधल्या रेनेसास या चिप कंपनीच्या नाका कारखान्याला आग लागली, आणि पुढे मलेशियातल्या निर्बंधांनी चिपचे पॅकिंग आणि चाचणी अडवली. २०२२मध्ये युक्रेनमधल्या युद्धामुळे वायरिंग हार्नेस (गाडीतल्या वायरींचे तयार जुडगे) मिळेनात, तर जर्मनीतल्या बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगनच्या कारखान्यांना काम थांबवावे लागले. आग आणि वादळ कोणाच्या हातात नव्हते. मागण्या रद्द करण्याचा निर्णय मात्र कंपन्यांनी आपल्या धंद्याचा विचार करून घेतला होता. तो अंगलट आला, तर त्याची किंमत नोंदणीची रक्कम भरून गप्प बसलेल्या माणसाने का मोजावी?

किंमत बांधून देता येत नाही, हे तर अजिबात पटत नाही. महिंद्राने २०२१मध्ये एक्सयूव्ही ७००च्या पहिल्या २५ हजार ग्राहकांना आरंभीची किंमत दिली. ७ ऑक्टोबरला ती नोंदणी ५७ मिनिटांत संपली. ३० जुलै २०२२ला स्कॉर्पिओ-एनचे पहिले २५ हजार एका मिनिटात गेले आणि अर्ध्या तासात आकडा लाखावर पोहोचला. त्याच वर्षीच्या घटस्थापनेपासून त्या गाड्या द्यायला सुरुवात झाली. म्हणजे गाडी महिनोन्‌महिने नंतर मिळणार असली, तरी आज ठरलेली किंमत हजारो लोकांसाठी पाळता येते. पंचवीस हजार एकावा ग्राहक मिनिटभर उशिरा आला, एवढ्यावरून त्याच्यासाठी कुठलीच किंमत नसावी, हे कसले गणित?

सोयी कमी करण्याचेही तसेच. अमेरिकेत २०२१मध्ये बीएमडब्ल्यूने काही मॉडेलांमधून टचस्क्रीन काढला, तेव्हा ग्राहकाला तसे सांगून ५०० डॉलर वळते केले. आमच्या अर्जात ‘बदल होऊ शकतो’ एवढेच आहे, किंमत कमी होण्याचा उल्लेखही नाही.

आता शोरूममधला अनुभव. डीलरचे नाव लिहीत नाही, कारण इतरांकडूनही असेच ऐकतो. आमच्याकडून नोंदणी घेणारा तरुण नोकरी सोडून गेला, नव्याला आधीचे काही ठाऊक नाही. रांगेतला क्रमांक विचारला तर ‘सर, तो आम्हाला सिस्टिममध्ये दिसत नाही.’ आणि मग एके दिवशी अचानक फोन येतो की वरच्या व्हेरिएंटची काळी गाडी आलीय, कोणीतरी रद्द केली, आजच्या आज सांगा. क्रमांकच दिसत नाही, तर ही गाडी आमच्यापर्यंत कोणत्या हिशेबाने आली? विमा त्यांच्याकडूनच, सिरॅमिक कोटिंग आणि मॅटसह ॲक्सेसरीजचे पॅकेजही घ्यायलाच हवे. विमा आम्ही बाहेरून काढू म्हटले, तर ‘मग अलॉटमेंटचं बघावं लागेल’ असे गोड आवाजात उत्तर. अडला हरी, दुसरे काय!

जपानमध्ये नव्या लँड क्रूझरसाठी चार-चार वर्षे थांबावे लागेल, असे टोयोटाने जानेवारी २०२२मध्येच जाहीर केले. वर्षभर गाडी पुन्हा विकणार नाही, असे ग्राहकांकडून लिहूनही घेतले. वाट मोठी आहे, पण ती सांगून टाकली. आपल्याकडे मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१पासून डीलरऐवजी थेट कंपनीचे बिल आणि देशभर एकच किंमत अशी पद्धत आणली. तिने टंचाई मिटली नाही, पण कोणता डीलर काय पदरात बांधेल, हा जुगार कमी झाला.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २(४१) नुसार ठरलेल्या मुदतीपलीकडे माल द्यायला उशीर करणे आणि त्यामुळे किंमत वाढणे ही प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा ठरते. एक वस्तू हवी तर दुसरीही घ्या, ही सक्तीही त्याच कलमात येते. म्हणूनच मुदत कागदावर येऊ दिली जात नाही! कलम २(४६) मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे, पण त्याविरुद्ध दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे मागता येत नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे जावे लागते. एकट्यादुकट्या ग्राहकाची हिंमत तिथेच खचते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये हॉटेलांतल्या सेवाशुल्काबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली (त्यांना तेव्हा न्यायालयात स्थगिती मिळाली होती, तो भाग वेगळा). शंभर रुपयांच्या सेवाशुल्कासाठी हालचाल होते, तर लाखो रुपये आगाऊ घेणाऱ्या नोंदणी अर्जांसाठीही व्हायला हवी. अर्जावर शेवटची तारीख आणि रांगेतला क्रमांक असावा, त्या तारखेपर्यंत किंमत बांधलेली असावी आणि ती उलटल्यावर ग्राहकाला व्याजासह पूर्ण रक्कम परत मिळावी, एवढेच मागणे आहे.

ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४मध्ये पुण्यातच सुरू झाली. समान तक्रार असलेल्या ग्राहकांना आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनांना या कायद्याखाली एकत्रित तक्रार करता येते. ज्यांच्याकडे असे नोंदणी अर्ज पडून आहेत, त्यांनी फाडू नयेत आणि घाईने रद्दही करू नयेत. आपल्या जवळच्या ग्राहक संघटनेकडे त्यांच्या प्रती द्याव्यात. माझी प्रत मी याच आठवड्यात देत आहे.

आपला,
एक वाचक, भोसरी